आर्थिक वृद्धी आणि ऊर्जा संक्रमण : स्थापित क्षमतेपासून प्रत्यक्ष निर्मितीपर्यंत

जून २०२५ अखेर भारताची एकूण स्थापित वीजनिर्मिती क्षमता सुमारे ४८५ गिगावॅट होती. त्यापैकी सुमारे २४३ गिगावॅट, म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक क्षमता ही कोळसा, नैसर्गिक वायू व खनिज तेल यांखेरीज अन्य स्रोतांवर आधारलेली होती. पॅरिस करारांतर्गत २०३० सालापर्यंत गाठावयाचे म्हणून भारताने जाहीर केलेले ५० टक्क्यांचे उद्दिष्ट अशा रीतीने सुमारे पाच वर्षे आधीच साध्य झाले. त्याच सुमारास, २०२४-२५ या आर्थिक वर्षात, देशातील कोळशाच्या वार्षिक उत्पादनाने प्रथमच एक अब्ज टनांचा टप्पा ओलांडला आणि त्या वर्षी देशात निर्माण झालेल्या विजेपैकी सुमारे ७० ते ७५ टक्के वीज कोळशापासूनच मिळाली.

वरकरणी परस्परविरोधी वाटणारी ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. ती एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे समजून घेतल्यास भारतासारख्या वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थेत जीवाश्म इंधनांकडून नवीकरणीय ऊर्जेकडे होणाऱ्या संक्रमणाचे खरे स्वरूप स्पष्ट होते. स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने हा विषय अर्थशास्त्र, पर्यावरण व शासनव्यवहार अशा तिन्ही अंगांनी महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याची क्रमशः मांडणी केली आहे.

वृद्धी आणि ऊर्जा : मूळ संबंध

ऊर्जा ही सर्वच उत्पादनप्रक्रियांना लागणारी मूलभूत आदान वस्तू आहे. शेतीतील पंप, कारखान्यातील यंत्रे, मालाची वाहतूक, शीतगृहे, रुग्णालये यांपैकी कोणतेही क्षेत्र ऊर्जेवाचून चालू शकत नाही. नियोजन आयोगाने डॉ. किरीट पारिख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २००६ साली सादर केलेल्या एकात्मिक ऊर्जा धोरण अहवालात असे म्हटले होते की, २०३१-३२ पर्यंत ८ टक्के वृद्धिदर टिकवावयाचा असल्यास २००३-०४ च्या तुलनेत प्राथमिक ऊर्जेचा पुरवठा तीन ते चार पटींनी व वीजनिर्मिती पाच ते सहा पटींनी वाढवावी लागेल. भारतात दरडोई वार्षिक वीजवापर २०२३-२४ मध्ये सुमारे १,४०० युनिट इतका होता. जागतिक सरासरीच्या तो निम्म्याहूनही कमी आहे. त्यामुळे भारतात ऊर्जेचा वापर वाढणे अपरिहार्य आहे, हे गृहीत धरूनच पुढील विचार करावा लागतो.

वृद्धी व प्रदूषण यांचा संबंध मांडण्यासाठी जपानी ऊर्जा-अर्थतज्ज्ञ योइची काया यांच्या नावाने ओळखले जाणारे समीकरण उपयुक्त ठरते. त्यानुसार कार्बन डायऑक्साइडचे एकूण उत्सर्जन हे चार घटकांचा गुणाकार असते : लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या प्रत्येक एककामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेच्या प्रत्येक एककामागे होणारे उत्सर्जन. पहिल्या दोन घटकांचा एकत्रित अर्थ म्हणजे देशाचे एकूण उत्पन्न. तिसरा घटक ऊर्जेच्या कार्यक्षम वापराने, तर चौथा घटक इंधनबदलाने कमी होतो.

समजा, एखाद्या देशाचे उत्पन्न वर्षाला ६.५ टक्क्यांनी वाढत आहे, ऊर्जेची कार्यक्षमता २.५ टक्क्यांनी सुधारत आहे आणि इंधनबदलामुळे ऊर्जेमागील उत्सर्जन १ टक्क्याने घटत आहे. अशा देशाचे एकूण उत्सर्जन तरीही दरवर्षी सुमारे ३ टक्क्यांनी वाढतच राहील. वाढीचा वेग घटीच्या एकत्रित वेगापेक्षा जास्त असेपर्यंत असेच घडते. उत्पन्नापेक्षा उत्सर्जन हळू वाढते, तेव्हा वृद्धी व उत्सर्जन यांची ‘सापेक्ष फारकत’ झाली असे म्हणतात. उत्पन्न वाढत असताना उत्सर्जन प्रत्यक्ष घटू लागते, तेव्हा ‘निरपेक्ष फारकत’ झाली असे म्हटले जाते.

भारतात २००५ ते २०२० या काळात स्थूल देशांतर्गत उत्पादनाची उत्सर्जन तीव्रता ३६ टक्क्यांनी घटली, परंतु एकूण उत्सर्जन वाढले. म्हणजेच सापेक्ष फारकत झाली असून निरपेक्ष फारकत अद्याप व्हावयाची आहे.

येथे ब्रिटनचे उदाहरण बोधप्रद आहे. लंडनमधील होलबॉर्न व्हायाडक्ट येथे १८८२ साली कोळशावर चालणारे सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्या देशातील अखेरचे कोळसाधारित वीजकेंद्र बंद झाले. मात्र ब्रिटनमधील विजेची मागणी २००५ नंतर वाढण्याऐवजी घटत गेली होती. शिवाय कोळशाची जागा प्रथम मोठ्या प्रमाणावर नैसर्गिक वायूने घेतली होती. मागणी स्थिर वा घटती असताना पवनऊर्जेचे प्रत्येक नवे युनिट कोळशाच्या एका युनिटची जागा घेते. मागणी वाढत असताना मात्र नवे युनिट आधी वाढीव मागणी भागविते आणि त्यातून काही उरले तरच कोळशाची जागा घेते. भारताचे संक्रमण या दुसऱ्या प्रकारचे आहे.

धोरणाची वाटचाल

तेलसंकटाच्या पार्श्वभूमीवर भारत सरकारने १९८१ मध्ये अतिरिक्त ऊर्जास्रोत आयोग स्थापन केला. पुढील वर्षी अपारंपरिक ऊर्जास्रोतांसाठी स्वतंत्र विभाग व १९९२ मध्ये स्वतंत्र मंत्रालय निर्माण झाले. २००६ मध्ये त्याचे नामकरण ‘नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय’ असे करण्यात आले. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ८६ अन्वये राज्य विद्युत नियामक आयोगांवर नवीकरणीय ऊर्जेस प्रोत्साहन देण्याची जबाबदारी सोपविण्यात आली. वितरण कंपन्यांनी एकूण खरेदीपैकी ठरावीक हिस्सा नवीकरणीय स्रोतांकडून घ्यावा, हे बंधन यातूनच आले.

जून २००८ मध्ये जाहीर झालेल्या हवामान बदलविषयक राष्ट्रीय कृती आराखड्यातील आठ अभियानांपैकी राष्ट्रीय सौर अभियानाचा आरंभ जानेवारी २०१० मध्ये झाला. त्याचे मूळ उद्दिष्ट २०२२ पर्यंत २० गिगावॅट सौर क्षमतेचे होते. २०१५ मध्ये ते १०० गिगावॅटपर्यंत व एकूण नवीकरणीय ऊर्जेचे उद्दिष्ट १७५ गिगावॅटपर्यंत वाढविण्यात आले. डिसेंबर २०२२ अखेर मोठे जलविद्युत प्रकल्प वगळता प्रत्यक्ष क्षमता सुमारे १२० गिगावॅट झाली होती. म्हणजे उद्दिष्ट पूर्ण झाले नाही, तरी बारा वर्षांपूर्वीच्या मूळ सौर उद्दिष्टाच्या तिपटीहून अधिक सौर क्षमता उभी राहिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे व २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमतेचे लक्ष्य जाहीर केले. ऑगस्ट २०२२ मध्ये अद्ययावत केलेल्या राष्ट्रीय निर्धारित योगदानात उत्सर्जन तीव्रता २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करण्याचा व स्थापित क्षमतेपैकी ५० टक्के हिस्सा बिगर-जीवाश्म स्रोतांचा करण्याचा समावेश आहे.

या वाटचालीत निर्णायक ठरली ती किमतीतील घसरण. २०१० मधील पहिल्या स्पर्धात्मक निविदांत सौर विजेचा दर प्रति युनिट सुमारे ११ ते १३ रुपये होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भाडला सौर उद्यानासाठी तो २ रुपये ४४ पैशांवर व डिसेंबर २०२० मध्ये गुजरातमधील एका निविदेत १ रुपया ९९ पैशांवर आला. सौर पॅनेलच्या जागतिक किमतींतील घट, स्पर्धात्मक लिलाव आणि शासनाने जमीन व पारेषण यांची आगाऊ व्यवस्था केलेली सौर उद्याने ही या घसरणीची प्रमुख कारणे होत.

क्षमता आणि निर्मिती यांतील अंतर

स्थापित क्षमता म्हणजे एखादे केंद्र पूर्ण जोमाने चालल्यास एका क्षणी किती वीज देऊ शकेल याचे माप होय. निर्मिती म्हणजे त्या केंद्राने वर्षभरात प्रत्यक्ष दिलेली वीज. या दोहोंना जोडणाऱ्या गुणोत्तरास क्षमता वापर प्रमाण म्हणतात. लेखाच्या आरंभी मांडलेल्या कोड्याचे उत्तर याच गुणोत्तरात आहे.

वर्षात ८,७६० तास असतात. १,००० मेगावॅटचे केंद्र वर्षभर अखंड चालले, तर ८७६ कोटी युनिट वीज निर्माण होईल. कोळशाचे केंद्र सरासरी ७० टक्के प्रमाणात चालले, असे मानल्यास त्यातून सुमारे ६१३ कोटी युनिट मिळतात. सौर केंद्रास रात्री व ढगाळ दिवशी मर्यादा असल्याने त्याचे प्रमाण २० टक्के धरल्यास सुमारे १७५ कोटी युनिट मिळतात. पवनऊर्जेचे प्रमाण स्थळानुसार २५ ते ३० टक्के असते. याचा अर्थ असा की, कोळशाच्या १,००० मेगावॅट क्षमतेइतकी वीज मिळविण्यासाठी सौरऊर्जेची सुमारे ३,५०० मेगावॅट क्षमता उभारावी लागते. म्हणूनच क्षमतेत निम्मा वाटा असूनही निर्मितीत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा साधारण एक-चतुर्थांशच राहतो.

आता हेच गणित वाढत्या मागणीस लावून पाहता येईल. २०२४-२५ मध्ये देशातील एकूण वीजनिर्मिती सुमारे १,८०० अब्ज युनिट होती आणि त्यापूर्वीच्या दशकात ती सरासरी ५ टक्के दराने वाढली होती. हाच दर गृहीत धरल्यास दरवर्षी सुमारे ९० अब्ज युनिट वाढीव वीज लागेल. एक गिगावॅट सौर क्षमतेतून सुमारे १.७५ अब्ज युनिट मिळतात. म्हणजे संपूर्ण वाढ केवळ सौरऊर्जेतून भागवावयाची असल्यास दरवर्षी सुमारे ५० गिगावॅट नवी क्षमता हवी. २०२४-२५ मध्ये सौर, पवन व अन्य नवीकरणीय स्रोत मिळून सुमारे २९ गिगावॅट क्षमतेची भर पडली होती. तोपर्यंतचा हा उच्चांक होता. तरीही वाढीव मागणीचा मोठा भाग कोळशास, तसेच जलविद्युत व अणुऊर्जेस भागवावा लागला.

याउलट २०२५ च्या पहिल्या सहामाहीत उन्हाळा तुलनेने सौम्य राहिल्याने व पाऊस लवकर आल्याने मागणीची वाढ मंदावली आणि नवीकरणीय निर्मिती मात्र झपाट्याने वाढली. परिणामी त्या काळातील कोळसाधारित निर्मिती मागील वर्षाच्या त्याच काळापेक्षा कमी झाली. वार्षिक भर आणि मागणीची वाढ यांतील शर्यतीवर कोळशाचा वापर अवलंबून असतो, हे यातून दिसून येते. या शर्यतीत ऊर्जाबचतीचे महत्त्वही तितकेच आहे. ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१, त्याखाली स्थापन झालेला ऊर्जा कार्यक्षमता विभाग, २०१५ पासून राबविलेली एलईडी दिव्यांची उजाला योजना यांसारख्या उपायांनी वाचलेले प्रत्येक युनिट हे निर्माण न करावे लागलेले युनिट असते.

सूर्यास्तानंतरची वीज

मे २०२४ मध्ये देशातील विजेची सर्वोच्च मागणी २५० गिगावॅटवर पोहोचली. दिवसाच्या अशा मागणीत सौरऊर्जेची मोठी मदत होते. परंतु सूर्यास्ताच्या वेळी सौर निर्मिती काही तासांत शून्यावर येते आणि त्याच वेळी घरोघरचे दिवे, पंखे व वातानुकूलन यंत्रे चालू होतात. ही दरी भरून काढण्याचे प्रामुख्याने चार मार्ग आहेत.

पहिला मार्ग साठवणुकीचा. उदंचन जलविद्युत प्रकल्पात अतिरिक्त विजेच्या वेळी पाणी वरच्या जलाशयात चढविले जाते व गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज निर्माण केली जाते. पश्चिम बंगालमधील पुरुलिया (९०० मेगावॅट) व महाराष्ट्रातील घाटघर (२५० मेगावॅट) ही याची कार्यरत उदाहरणे होत. विद्युत घटांच्या साठवणुकीसाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ४,००० मेगावॅट-तास क्षमतेच्या प्रकल्पांकरिता व्यवहार्यता तफावत निधीची योजना मंजूर केली.

दुसरा मार्ग पारेषणाचा. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि ‘एक राष्ट्र, एक ग्रीड’ प्रत्यक्षात आले. तमिळनाडूतील वारा व राजस्थानातील ऊन यांचा लाभ त्यामुळे अन्य राज्यांस मिळू शकतो. मात्र नव्या वाहिन्यांना जमीन, निधी व वेळ लागतो. राजस्थान व गुजरातमधील माळढोक पक्ष्याच्या अधिवासातून जाणाऱ्या वाहिन्या भूमिगत कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला होता. मार्च २०२४ मध्ये त्यात बदल करून न्यायालयाने तज्ज्ञ समिती नेमली. स्वच्छ ऊर्जा व जैवविविधता ही दोन्ही उद्दिष्टे कधी कधी परस्परांसमोर उभी राहतात, याचे हे उदाहरण आहे.

तिसरा मार्ग मागणी दिवसाकडे वळविण्याचा. कृषिपंपांना अनेक राज्यांत वर्षानुवर्षे रात्री वीज दिली जात असे. २०१९ मध्ये सुरू झालेली पीएम-कुसुम योजना आणि महाराष्ट्रातील मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना यांतून हा भार दिवसा आणता येतो. रात्री विंचू-सापांच्या भीतीत पाणी द्यावे लागण्याचा शेतकऱ्याचा त्रास त्यामुळे टळतो आणि ग्रीडवरील संध्याकाळचा ताणही हलका होतो. साठवणुकीवर खर्च न करता साधणारा हा लाभ आहे.

चौथा मार्ग म्हणजे कोळसा केंद्रांच्या भूमिकेतील बदल. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांनुसार ही केंद्रे किमान ५५ टक्के व पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्के भारावर चालविता आली पाहिजेत. म्हणजे दुपारी मंद चालावयाचे व संध्याकाळी वेग घ्यावयाचा. यातून एक आर्थिक प्रश्न उद्भवतो. कोळशाच्या विजेचा दर स्थिर आकार व परिवर्ती आकार अशा दोन भागांचा असतो. केंद्र कमी चालले, तर इंधनाचा परिवर्ती खर्च वाचतो, परंतु स्थिर आकार द्यावाच लागतो. संक्रमणाच्या काळात ग्राहकास जुन्या केंद्राचा स्थिर आकार व नव्या केंद्राचा भांडवली खर्च असे दोन्ही भार सोसावे लागतात.

भांडवल, वितरण कंपन्या आणि कर

कोळशाच्या केंद्रात इंधनाचा खर्च तीस-चाळीस वर्षे रोजच्या रोज करावा लागतो. सौर वा पवन केंद्रात जवळजवळ सर्व खर्च आरंभीच होतो व नंतर इंधन विनामूल्य असते. त्यामुळे सौर विजेचा दर हा सूर्यप्रकाशाइतकाच व्याजदरावर अवलंबून असतो. कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी जोखीम असते ती वीज विकत घेणाऱ्या वितरण कंपनीची. थकबाकी, वीजगळती व वेळेवर न मिळणारे अनुदान यांमुळे या कंपन्यांचे आर्थिक आरोग्य अनेक राज्यांत नाजूक राहिले आहे. २०१५ ची उदय योजना व २०२१ ची सुधारित वितरण क्षेत्र योजना यांचा हेतू हे आरोग्य सुधारण्याचा होता. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये आधीच्या नवीकरणीय वीजखरेदी करारांतील दर कमी करण्याचा प्रयत्न झाला. मार्च २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने करारातील दर पाळावेत असा निर्णय दिला. करार पाळले जातील, हा विश्वास स्वस्त भांडवलाची पूर्वअट असल्याचे या प्रकरणावरून लक्षात येते.

करधोरणही येथे महत्त्वाचे आहे. कोळशाच्या बाजारभावात हवेचे प्रदूषण, आरोग्यावरील परिणाम व पाण्याचा वापर यांची किंमत धरलेली नसते. २०१३ च्या दुष्काळात परळी औष्णिक विद्युत केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, यावरून पाण्याच्या वापराचे गांभीर्य लक्षात येईल. २०१० मध्ये कोळशावर प्रति टन ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसविण्यात आला व २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर त्याचे रूपांतर भरपाई उपकरात झाले. त्यामुळे त्याचे उत्पन्न स्वच्छ ऊर्जेऐवजी राज्यांच्या भरपाईकडे वळले. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा उपकर रद्द होऊन कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. म्हणजे दर टनामागील ठरावीक रकमेऐवजी किमतीच्या प्रमाणात कर आकारला जाऊ लागला.

कोळशाच्या पट्ट्याचा प्रश्न

ऊर्जा संक्रमणाची चर्चा बहुधा गिगावॅट व टन या परिमाणांत होते. परंतु त्याचा भौगोलिक अर्थही तितकाच गंभीर आहे. कोळसा प्रामुख्याने झारखंड, ओडिशा, छत्तीसगड, पश्चिम बंगाल व मध्य प्रदेश या राज्यांत आहे. याउलट उत्तम ऊन व वारा राजस्थान, गुजरात, कर्नाटक, तमिळनाडू व महाराष्ट्र येथे आहे. म्हणजे इंधनबदलाबरोबर गुंतवणूक, रोजगार व महसूल हेही पूर्वेकडून पश्चिम व दक्षिणेकडे सरकतात.

या प्रश्नास इतिहासाचीही पार्श्वभूमी आहे. १९५२ पासून सुमारे चार दशके देशात मालवाहतूक दर समानीकरणाचे धोरण होते. त्यामुळे कोळसा, पोलाद आदी माल दूरच्या राज्यांतील उद्योगांसही जवळपास त्याच दराने मिळत असे व खाणींच्या सान्निध्याचा स्वाभाविक लाभ पूर्वेकडील राज्यांस पुरेसा मिळू शकला नाही. विजेच्या बाबतीतही असेच घडते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ५३ व्या नोंदीनुसार कर विजेच्या उपभोगावर वा विक्रीवर आकारला जातो. त्यामुळे कोरबा वा सिंगरौली येथील वीज अन्य राज्यांत गेली, तर धूर व राख मागे राहते आणि विजेवरील कर उपभोग घेणाऱ्या राज्यास मिळतो. खाण राज्यांना स्वामित्वधन मिळते. कोळशावर २०१२ पासून ते किमतीच्या १४ टक्के आहे. कोळसा कमी झाला, तर हे उत्पन्नही आटेल.

कोल इंडिया या एका कंपनीतच दोन लाखांहून अधिक कायम कर्मचारी आहेत. ठेकेदारांकडील कामगार, ट्रकचालक, खाणीभोवतालचे छोटे दुकानदार यांची गणना त्यात होत नाही. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाच्या दृष्टीने सुमारे निम्मा वाटा कोळशाचा असून या उत्पन्नाच्या आधारे प्रवासी भाडे कमी ठेवले जाते. म्हणून कोळशाच्या भवितव्याचा संबंध धनबाद, तालचेर वा चंद्रपूर येथील मजुराशी जसा आहे, तसाच देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातील दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाशीही आहे.

वीजकेंद्रे बंद होण्याचा अनुभव भारतास अगदीच नवा नाही. पंजाबमधील भटिंड्याचे गुरु नानक देव औष्णिक केंद्र २०१८ च्या आरंभी व दिल्लीतील बदरपूर केंद्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंद झाले. अशा वेळी कायम कर्मचाऱ्यांची अन्यत्र बदली होऊ शकते, परंतु ठेक्यावरील कामगारास व परिसरातील व्यावसायिकास अशी सोय नसते. जर्मनीने २०२० मध्ये कोळसात्यागाचा कायदा करताना २०३८ ही अंतिम मुदत ठरविली आणि त्याबरोबरच कोळसा प्रदेशांच्या पुनर्रचनेसाठी ४० अब्ज युरोपर्यंतच्या साहाय्याची तरतूद केली. केंद्र बंद करण्याची तारीख व पर्यायी उद्योगाची योजना एकाच वेळी जाहीर करणे, हे या उदाहरणातील तत्त्व अनुकरणीय आहे. यालाच ‘न्याय्य संक्रमण’ म्हणतात.

भारतात यासाठी एक साधन उपलब्ध आहे. खाण व खनिजे अधिनियमातील २०१५ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले असून जुन्या खाणपट्ट्यांसाठी स्वामित्वधनाच्या ३० टक्के व लिलावाने दिलेल्या नव्या पट्ट्यांसाठी १० टक्के रक्कम त्यात जमा होते. आज हा निधी मुख्यतः पाणी, आरोग्य, शिक्षण आदींवर खर्च होतो. खाणी सुरू आहेत तोवरच त्याचा काही हिस्सा कौशल्य प्रशिक्षण, खाणींच्या जमिनीचे पुनर्वसन व पर्यायी उद्योग यांकडे वळविणे शक्य आहे. खाणी बंद झाल्यावर निधीचा ओघही थांबेल, म्हणून ही तयारी आधीच करावी लागते.

आयातीचे बदलते स्वरूप

भारत आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. वाहनांचे विद्युतीकरण व देशी नवीकरणीय वीज यांमुळे हे परावलंबन घटू शकते. तथापि, सौर घट, विद्युत घट व त्यांना लागणारी लिथियम, कोबाल्ट आदी खनिजे यांच्या जागतिक पुरवठासाखळीवर चीनचे वर्चस्व आहे. म्हणूनच सौर पॅनेलच्या देशांतर्गत उत्पादनासाठी २४,००० कोटी रुपयांची उत्पादनाधारित प्रोत्साहन योजना, जानेवारी २०२३ मधील १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान आणि जानेवारी २०२५ मधील राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियान यांना महत्त्व आहे. दोन्ही परावलंबनांत एक फरक मात्र ध्यानात घ्यावयास हवा. तेलाचा पुरवठा थांबला तर काही आठवड्यांत वाहतूक थांबते. पॅनेलचा पुरवठा थांबला तर नवे प्रकल्प रखडतात, परंतु आधी बसविलेली पॅनेल वीज देतच राहतात.

हेही लक्षात घ्यावयास हवे की, देशातील अंतिम ऊर्जावापरात विजेचा वाटा साधारण पाचवा भाग आहे. पोलाद, सिमेंट, खते व अवजड वाहतूक ही क्षेत्रे अद्याप मोठ्या प्रमाणावर थेट इंधनांवर चालतात. म्हणजे वीज स्वच्छ करणे व अधिकाधिक कामे विजेवर आणणे या दोन्ही गोष्टी समांतर चालाव्या लागतील.

समारोप

भारताच्या ऊर्जा संक्रमणाचा पहिला टप्पा क्षमता उभारणीचा होता व त्यात देशाने लक्षणीय यश मिळविले आहे. पुढील टप्प्याचे मूल्यमापन तीन निकषांवर करणे उचित ठरेल. पहिला निकष निर्मितीतील वाटा : वर्षभरात वापरलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष किती वीज बिगर-जीवाश्म स्रोतांची होती? दुसरा निकष वार्षिक भर : नव्या स्वच्छ विजेची वाढ मागणीच्या वाढीपेक्षा सातत्याने अधिक राहिली काय? तसे झाले, तरच कोळशाचा एकूण वापर शिखर गाठून उतरणीस लागेल. तिसरा निकष न्यायाचा : ज्या जिल्ह्यांनी देशाच्या औद्योगिकीकरणाचा भार वाहिला, त्यांच्यापर्यंत नव्या ऊर्जेचे रोजगार व महसूल पोहोचले काय?

पहिले दोन निकष आकडेवारीतून दरमहा तपासता येतात. तिसऱ्या निकषाची नियमित मोजणी करण्याची व्यवस्था अद्याप उभी राहावयाची आहे. केंद्र, राज्ये, कोळसा कंपन्या व जिल्हा खनिज प्रतिष्ठाने यांनी ती संयुक्तपणे उभारल्यास २०७० चे निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य गाठताना कोळशाच्या पट्ट्यातील कुटुंबे विकासाच्या प्रवाहाबाहेर राहणार नाहीत.